चार्ल्सटनचे बंदर आणि सुप्याचा बाजार : प्रथम प्रवाशासाठी एक ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

बारामती व इंदापूर तालुक्यांतील कितीतरी घरांतील मुले-मुली उच्च शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत गेली आहेत. त्यांच्याकडे उन्हाळी सुटीत किंवा सेवानिवृत्तीनंतर जाणाऱ्या पालकांत महाविद्यालयीन प्राध्यापकांचाही समावेश असतो. या प्रवासाचा क्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन आणि वेळ उरलाच तर पश्चिम किनारा. साऊथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन हे अटलांटिक किनाऱ्यावरील जुने बंदर या यादीत सहसा नसते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते आवर्जून पाहावे. हे शहर देखणे आहे, हे त्याचे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, या बंदरात १८६१ मध्ये जे घडले त्याचे पडसाद चौदा वर्षांनंतर बारामती तालुक्यातील सुपे या गावापर्यंत येऊन पोहोचले, असे दख्खनच्या शेतकरी उठावाच्या अभ्यासकांनी दीर्घकाळ मानले आहे. प्रस्तुत लेखात प्रथम चार्ल्सटनचे दर्शन कसे घ्यावे याचा विचार केला असून नंतर तोच धागा भीमा-नीरेच्या खोऱ्यापर्यंत आणला आहे.

द्वीपकल्पावरील शहर

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या नावाने १६७० मध्ये ‘चार्ल्स टाऊन’ ही वसाहत स्थापन झाली. १६८० मध्ये ती ॲश्ली आणि कूपर या दोन नद्यांमधील द्वीपकल्पावर हलविण्यात आली आणि स्वातंत्र्ययुद्धानंतर १७८३ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. या दोन नद्या एकत्र येऊनच अटलांटिक महासागर तयार होतो, असे तेथील लोक थट्टेने म्हणतात. नीरा-नरसिंहपूरचा संगम पाहिलेल्या माणसाला या अभिमानाची जातकुळी ओळखू येईल.

जुने शहर लहान असून पायी पाहता येते आणि ते पायीच पाहावे. मार्च ते मे हा काळ त्यासाठी अनुकूल असतो. पुढे उकाडा आणि दमटपणा इतका वाढतो की कोरड्या हवेची सवय असलेल्या इंदापूरकराला तो कोकणातल्या वैशाखाची आठवण करून देईल. दक्षिण टोकाच्या ‘बॅटरी’ या सागरी तटावरून चालण्यास आरंभ केला असता एका बाजूस बंदर आणि दुसऱ्या बाजूस बागायतदारांच्या प्रशस्त हवेल्या दिसतात. ईस्ट बे रस्त्यावरील तेरा रंगीत घरांची ओळ ‘रेनबो रो’ या नावाने प्रसिद्ध आहे. ही घरे अठराव्या शतकातील व्यापाऱ्यांची. त्यांचे फिकट गुलाबी-निळे रंग मात्र १९३० च्या दशकापासूनचे आहेत. प्रवासी ज्या रंगांना जुने समजून त्यांची छायाचित्रे घेतो ते जतनाच्या चळवळीने दिलेले आहेत, ही गोष्ट प्रारंभीच लक्षात ठेवलेली बरी. अनेक जुन्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. भिंती एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी गजांची ती टोके होत. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपाशी त्यांचा संबंध सांगितला जातो.

जतनाच्या बाबतीत हे शहर अमेरिकेत अग्रेसर ठरले. सुझन प्रिंगल फ्रॉस्ट या बाईंच्या पुढाकाराने १९२० मध्ये जुनी घरे वाचविण्यासाठी संस्था स्थापन झाली आणि १९३१ मध्ये नगरपालिकेने ऐतिहासिक विभागाला संरक्षण देणारा नियम केला. अशा स्वरूपाचा तो त्या देशातील पहिला नियम मानला जातो. आपल्याकडील वाडे ज्या वेगाने जमीनदोस्त झाले ते पाहता या तारखेचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

जे दाखविले गेले आणि जे झाकले गेले

तथापि जतन करणारा समाज नेमके काय जतन करतो, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. उत्तर अमेरिकेत गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांपैकी अंदाजे ४० टक्के चार्ल्सटनच्या बंदरातून उतरविली गेली, असे सामान्यतः सांगितले जाते. १८६० मध्ये साऊथ कॅरोलायनाच्या लोकसंख्येतील निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. बॅटरीवरील हवेल्या ज्या तांदूळ, नीळ आणि कापसाच्या पैशावर उभ्या राहिल्या, त्या पिकांचे श्रम या माणसांचे होते. असे असूनही विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात प्रवाशाला हवेल्यांची दालने, बागा आणि दिवाणखाने दाखविले जात. मागच्या अंगणातील गुलामांच्या खोल्या ‘गाडीखाना’ किंवा ‘मुदपाकखाना’ म्हणून ओळख देऊन सोडून दिल्या जात.

चाल्मर्स रस्ता हा गोट्यांच्या फरसबंदीचा अरुंद रस्ता आहे. तेथील ‘ओल्ड स्लेव्ह मार्ट’ ही इमारत प्रथम प्रवाशाने टाळू नये. उघड्यावर होणाऱ्या माणसांच्या लिलावांना शहराने १८५६ मध्ये मनाई केली. त्यात दयेचा भाग नव्हता; भर रस्त्यातील तो देखावा शहराला अडचणीचा वाटू लागला होता. त्यानंतर लिलाव बंदिस्त आवारांत गेले आणि हे त्यांतील एक आवार १८६३ पर्यंत चालू होते. १९३८ मध्ये तेथे खासगी संग्रहालय निघाले, १९८८ मध्ये नगरपालिकेने इमारत घेतली आणि २००७ मध्ये आजचे संग्रहालय सुरू झाले. गॅड्सडेन धक्क्यावर, जेथे १८०८ पूर्वीच्या शेवटच्या वर्षांत हजारो आफ्रिकी उतरविले गेले, तेथे ‘इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम’ जून २०२३ मध्ये उघडले. जून २०१८ मध्ये नगरपरिषदेने गुलामगिरीबद्दल क्षमायाचनेचा ठराव केला. जून २०२० मध्ये गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता जॉन कॅल्हून याचा पुतळा चौकातून काढण्यात आला. या घटनांच्या आधी १७ जून २०१५ रोजी ‘मदर इमॅन्युएल’ या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ जणांची हत्या झाली होती, हेही विसरता येत नाही.

शहराचा इतिहास कोणी सांगावा, हाही तेथे वादाचा विषय ठरला. मोबदला घेऊन शहर दाखविणाऱ्या वाटाड्याला नगरपालिकेची लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागे. २०१८ मध्ये संघ न्यायालयाने ही सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरविली आणि २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम केला. परीक्षा घेणाऱ्या प्राध्यापकवर्गाला यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

बंदराच्या मुखाशी सलिव्हन्स नावाचे बेट आहे. गुलामांच्या जहाजांना रोगाच्या भीतीने प्रथम येथे थांबविले जाई. या माणसांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला बसावयाचे एखादे बाकसुद्धा कोठे नाही, अशी खंत कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी १९८९ मध्ये व्यक्त केली होती. २००८ मध्ये याच बेटावर एक साधे बाक बसविण्यात आले. सर्व हवेल्या पाहून झाल्यावर येथे येऊन बसणे हा चार्ल्सटन-दर्शनाचा योग्य शेवट होय.

फोर्ट सम्टर

बंदराच्या तोंडाशी एका कृत्रिम बेटावर हा किल्ला आहे. बांधकामास १८२९ मध्ये आरंभ झाला. येथे केवळ बोटीने जाता येते आणि जाण्या-येण्यासह अर्धा दिवस राखून ठेवावा लागतो. मुरुड-जंजिरा पाहिलेल्या प्रवाशाची प्रथमदर्शनी निराशा होण्याचा संभव आहे. तीन मजली तट १८६३ ते १८६५ या काळातील भडिमारात जवळजवळ एका मजल्यावर आला. मधोमध दिसणारे काळे बांधकाम तर १८९८-९९ मधील आहे.

साऊथ कॅरोलायनाने २० डिसेंबर १८६० रोजी चार्ल्सटन येथेच संघराज्यातून बाहेर पडण्याचा ठराव केला. किल्ल्यात मेजर रॉबर्ट अँडरसन यांच्या हाताखाली संघराज्याची लहानशी शिबंदी होती. १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास किनाऱ्यावरून पहिला तोफगोळा सुटला. सुमारे ३४ तासांच्या गोळाबारीनंतर किल्ला पडला आणि अमेरिकेच्या यादवी युद्धास तोंड लागले. १४ एप्रिल १८६५ रोजी त्याच अँडरसन यांच्या हस्ते संघराज्याचा ध्वज येथे पुन्हा चढविण्यात आला. त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

परतीच्या बोटीवर आणखी एक प्रसंग आठवावा. १३ मे १८६२ च्या पहाटे रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने ‘प्लँटर’ ही आगबोट गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना धक्क्यावरून हलविली. वाटेत कुटुंबीयांना चढवून घेतले, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ठेवून सम्टरजवळून जाताना ठरलेली शिटी वाजविली आणि बोट संघराज्याच्या आरमाराच्या स्वाधीन केली. हाच मनुष्य पुढे अमेरिकेच्या काँग्रेसचा सदस्य झाला. किल्ल्यातील तोफांची वजने सांगण्यात वेळ घालविणाऱ्या वाटाड्यांनी ही हकीकत आधी सांगावी.

कापसाचा भाव आणि भीमथडी

युद्ध सुरू होताच १९ एप्रिल १८६१ रोजी लिंकन यांनी दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ब्रिटनमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तोवर अमेरिकेतून येत असे. न्यू ऑर्लिन्सच्या मानाने चार्ल्सटनचा कापूसव्यापार त्या काळी मागे पडला होता हे खरे; परंतु ज्या नाकेबंदीने लँकेशायरची चाके थांबविली तिचे कारण या बंदरात घडले. पर्याय म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला मागणी आली. १८६१ ते १८६५ या वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला, बँका निघाल्या, बॅक बे बुजविण्याच्या कंपनीचे समभाग भरमसाट किमतींना गेले, प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले. युद्ध संपताच १८६५ मध्ये हा डोलारा कोसळला.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाशी या तेजीचा संबंध कसा जोडावयाचा, याबाबत सावध राहिले पाहिजे. भीमथडी आणि इंदापूर हे तालुके खानदेश-वऱ्हाडासारखे कापसाचे नव्हते. अवर्षणाच्या पट्ट्यात येणारी ज्वारी-बाजरी हीच येथील मुख्य पिके. परंतु तेजीमुळे सर्वच शेतमालाचे भाव चढले आणि शेतकऱ्याची पत वाढली. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. यापूर्वीच लोहमार्गाच्या कामाने या भागात रोख मजुरी आणली होती. पुणे ते डिकसळ हा मार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला आणि पुढील बार्शी रोडपर्यंतचा भाग २३ ऑक्टोबर १८५९ रोजी खुला होईपर्यंत इंदापूर तालुक्यातील डिकसळ हेच गाडीचे शेवटचे स्थानक होते.

दुसरी बाजू सरकारी साऱ्याची. आधुनिक जमीनमोजणीच्या इतिहासात इंदापूरचे नाव अटळ आहे. माल्थसचा विद्यार्थी असलेल्या रॉबर्ट प्रिंगल याने १८२८ च्या सुमारास निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धान्तावर दख्खनमध्ये जमाबंदी केली. कागदावर सुबक दिसणारी ही पद्धत प्रत्यक्षात चुकीच्या मोजमापांवर व पीकउत्पन्नाच्या अवास्तव अंदाजांवर उभी होती. इंदापुरात सारा जड झाला आणि जमिनी पड पडू लागल्या. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात नव्याने मोजणी हाती घेतली. जमिनीची प्रतबंदी, ठरावीक क्रमांकाचे व हद्दीच्या दगडांनी आखलेले शेत आणि तीस वर्षे न बदलणारा सारा, ही त्या पद्धतीची अंगे होती. ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द ज्या व्यवस्थेने मराठी शेतकऱ्याच्या तोंडी रुळविला तिची पहिली प्रयोगशाळा इंदापूर होय. तीस वर्षांची मुदत प्रथम येथेच संपली आणि १८६७ मध्ये फेरआकारणी झाली. ती चढ्या भावांच्या आठवणीवर बेतलेली होती आणि भाव मात्र उतरणीला लागले होते. दख्खनमधील फेरआकारणीत काही ठिकाणी सारा दीडपट-दुप्पट झाला. कर्जाची मागणी वाढली, त्याच वेळी सावकारांनी हात आखडता घेतला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणल्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद लिहून घेण्याचा प्रघात पडला. शेतकऱ्याचा अंगठा तोच राहिला. कागदावरील रक्कम फुगत गेली.

सुपे, १२ मे १८७५

सुपे हे गाव पूर्वीपासून परगण्याचे ठिकाण. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर त्याचा उल्लेख येतो आणि संभाजी मोहित्यांकडून शिवाजी महाराजांनी ते घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात ते भीमथडी तालुक्यात मोडत होते. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार घातला होता. बलुतेदारांनीही सावकारांची कामे नाकारली. १२ मे १८७५ रोजी सुप्यात या असंतोषाने वेगळे रूप घेतले. आसपासच्या गावांचे शेतकरी बाजाराच्या ठिकाणी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. त्यांची मागणी कर्जरोखे आणि वह्यांची होती. हाती आलेले कागद जाळण्यात आले, धान्याची लूट झाली. माणसांवरील प्राणघातक हल्ले मात्र त्या मानाने फारच थोडे झाले. पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव हाच प्रकार घडला. १८५७ ची आठवण ताजी असल्यामुळे सरकार हादरले. चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवण्यात आला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

या उठावाचे महत्त्व किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रवींद्र कुमार यांनी त्याचा संबंध रयतवारी पद्धतीने ग्रामसमाजात घडविलेल्या उलथापालथीशी जोडला. उलट नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले की, दंगलींचा विस्तार व परिणाम इतिहासकारांनी फुगविला आहे. आयोगाच्या अहवालातील एक गोष्ट दोन्ही पक्षांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. वाढीव साऱ्याला जबाबदार न धरता दोष सावकाराकडे वळविणे सरकारला सोयीचे होते आणि अहवाल त्या सोयीच्या बाहेर फारसा गेला नाही. अमेरिकन युद्धाचा उल्लेखही या दृष्टीने तपासून पाहावा लागतो, कारण दूरच्या युद्धाला कारण ठरविले की जवळच्या कचेरीवरील डाग पुसट होतो. तरीही भाव, पत आणि साऱ्याची फेरआकारणी यांची साखळी नाकारता येत नाही.

चार्ल्सटन आणि पुणे प्रांत यांना जोडणारा एक धागा कापसाहून अधिक बळकट आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखविला, त्यांना अर्पण केलेला आहे. सम्टरवर ध्वज पुन्हा चढल्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी आणि सुप्याच्या प्रसंगापूर्वी दोन वर्षे पुण्यातील एका ग्रंथकाराने ही सांगड घातली. सावकार, कचेरी आणि शेतकरी यांची गाठ त्यांनी पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये उलगडून दाखविली. चार्ल्सटनच्या नव्या संग्रहालयात फिरणाऱ्या मराठी प्रवाशाजवळ ही अर्पणपत्रिका असल्यास त्याला तेथील कोणत्याही दालनात परके वाटण्याचे कारण नाही.

हाच प्रवास घराजवळ

पुण्याहून निघून बारामती-इंदापूर प्रथमच पाहणाऱ्याला एका दिवसात हा इतिहास डोळ्यांखालून घालता येतो. मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन सुप्याला यावे. अष्टविनायकाची वाहने येथून जवळूनच जातात, थांबतात थोडी. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईक हे पेशव्यांचे व्याही आणि सावकारही. १७४० मध्ये पहिल्या बाजीरावाच्या निधनानंतर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी त्यांचेच नाव पुढे केले होते. त्यांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) येथे स्थिरावले. बारामतीची सावकारी आणि बारामतीची आर्या एकाच वाड्याच्या छायेत वाढली, हे सांगितले तर मोरोपंतांच्या थोरवीला उणेपणा येत नाही. चार्ल्सटनच्या हवेल्यांनाही ते सांगितल्याने आला नाही.

बारामतीहून संत तुकारामांच्या पालखीच्या वाटेने सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापूर गाठावे. या भूमीचे सर्वांत जुने आणि सर्वांत नियमित प्रवासी वारकरीच होत. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे बखरी सांगतात; सालाबद्दल मतभेद आहेत. प्रवासी गढीपाशी थांबतो ते योग्यच. परंतु ज्या शेतशिवारांवर विंगेटची साखळी प्रथम फिरली ती पाहण्यासाठी वेगळे कोठे जावयास नको, इतकेच त्याला सांगणारे कोणी असावे.

तेथून भिगवण-डिकसळकडे वळल्यावर पाणी लागते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा हा फुगवटा. रोहित आणि पट्टकादंब पाहण्यासाठी हिवाळ्यात येथे गर्दी होते. जुना लोहमार्ग या पाण्यामुळे हलविला गेला आणि डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीसाठी वापरला गेला. पळसदेव गाव उठले. ज्या गावचा शके १०७९ चा लेख प्राचीन मराठी कोरीव लेखांत गणला जातो, त्याचे पळसनाथाचे मंदिर धरण आटलेल्या उन्हाळ्यात, उदाहरणार्थ २०२४ मध्ये, पाण्याबाहेर येते आणि ते पाहण्यास लोक होड्यांनी जातात. होडीवाल्यांपैकी काहींची घरे याच पाण्याखाली असण्याचा संभव असतो. मंदिराचे शिखर दाखवून झाल्यावर गावाची वेस कोठे होती, हे त्यांना विचारावे.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी सुप्याची क्षेत्रभेट अभ्यासक्रमाशी जोडण्यास फारसा खर्च येणार नाही. अडचण एकच आहे. १२ मे ही तारीख उन्हाळी सुटीत येते आणि त्या दिवसांत वर्ग नसतात. १८७५ मध्ये शेतकरी मोकळे होते त्याचेही कारण हेच होते. रब्बीची खळी उरकली होती, खरिपाची पेरणी अजून व्हायची होती आणि सावकाराच्या वहीत नवे बियाणे-कर्ज मांडण्याची वेळ जवळ आली होती.